घरच्या संगणकाची अग्निभिंत

दाटीने उभ्या असलेल्या इमारतींत एका घराची आग दुसऱ्यास लागू नये म्हणून मध्ये न जळणारी जाड भिंत घालण्याची रीत जुनी आहे. इंग्रजीत तिला ‘फायरवॉल’ म्हणतात. संगणकशास्त्राने हा शब्द उसना घेतला; आपण तिला अग्निभिंत म्हणू. मात्र उपमा पुरती जुळत नाही. विटांची भिंत कोणासच वाट देत नाही; संगणकाची अग्निभिंत ही वस्तुतः देवडीवरील पहारेकरी होय.

इंटरनेटला जोडलेल्या संगणकास ० ते ६५,५३५ अशा क्रमांकांची द्वारे असतात. त्यांस ‘पोर्ट’ ही संज्ञा आहे. आलेला संदेश कोणत्या आज्ञावलीकडे द्यावयाचा हे या क्रमांकावरून कळते. जबलपूरच्या नेपियर टाउनमधील एखादी विद्यार्थिनी आपल्या संगणकावर भंवरताल उद्यानाची माहिती शोधू लागली, की तिचा प्रश्न कोठे गेला याची नोंद अग्निभिंत ठेवते आणि येणारे उत्तर त्या नोंदीशी ताडून आत सोडते. न विचारता, न बोलावता जो संदेश येतो, त्यास मात्र ती दारातूनच परतवते.

हा पहारा नसला तर काय होते, हे ऑगस्ट २००३ मध्ये जगास दिसले. ‘विंडोज एक्सपी’ या प्रणालीत अग्निभिंत होती, परंतु ती बंद ठेवूनच प्रणाली विकली जात असे. ‘ब्लास्टर’ नामक उपद्रवी आज्ञावली १३५ क्रमांकाच्या द्वाराने आत शिरू लागली. त्यासाठी संगणकधन्याने काही उघडण्याचीही गरज नव्हती. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि संगणक आपोआप बंद पडे. दोष दुरुस्त करणारे साहित्य जुलैमध्येच प्रसिद्ध झाले होते. पण ते उतरवून घेण्यापूर्वीच यंत्र बंद पडावे, अशी पंचाईत! म्हणून आधी अग्निभिंत चालू करा व मग दुरुस्ती घ्या, असा उपदेश करावा लागला. ऑगस्ट २००४ च्या सुधारणेपासून विंडोजमध्ये ती मुळातच चालू असते.

तरीही ती आपण स्वतः पाहून घ्यावी. कोणी मध्यंतरी बंद केलेली असू शकते. हल्लीच्या विंडोजमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन’ या विभागात जावे. तेथे दिसणाऱ्या प्रत्येक जाळ्यापुढे ‘ऑन’ असे लिहिलेले असावे. अॅपलच्या नव्या संगणकांत ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क’ या भागात ‘फायरवॉल’ सापडते. ती बंद असल्यास कळ फिरवावी, एवढेच काम.

जाळ्याचा प्रकार निवडताना मात्र विचार करावा. घरचे जाळे ‘प्रायव्हेट’ म्हटल्यास चालेल. तोच संगणक रेल्वे स्थानकाच्या वायफायला जोडला, तर ‘पब्लिक’ हाच प्रकार योग्य. कारण तेथे शेजारी कोण बसला आहे हे आपणास ठाऊक नसते.

अग्निभिंतीकडून भलती अपेक्षाही नको. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. तिचा उगम युक्रेनमधील एका हिशेबाच्या आज्ञावलीच्या सुधारणेतून झाला होता, म्हणजे ती विश्वासाच्या वाटेने आत आली आणि मग आतल्या आत एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरली. ईपत्रासोबत आलेली फाईल आपणच उघडली, तर पहारेकरी ती अडवीलच असे नाही.

एखादे दिवशी घरातील दुसऱ्या खोलीतला छपाई यंत्राचा वापर अडतो आणि कोणी ‘अग्निभिंत बंद करा’ असा सल्ला देतो. तसे करू नये. त्याच विभागात एखाद्या आज्ञावलीस स्वतंत्र परवानगी देण्याची सोय आहे. जेवढे द्वार हवे तेवढेच उघडावे आणि काम संपल्यावर ती परवानगी काढून घ्यावी.