वॉटच्या आधी व्होल्ट बघा

गाडीत म्युझिक सिस्टीम बसवून घ्यायला येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वॉटचा. मी मात्र आधी बॉनेट उघडायला सांगतो आणि बॅटरीला मीटर लावतो. ॲम्प्लिफायर स्वतः वीज तयार करत नाही. अल्टरनेटर आणि बॅटरी जेवढं देतील, तेवढ्यातूनच आवाज निघतो. या कामात जे पक्कं कळलं, ते इथे क्रमाने मांडतो.

1. ‘बारा व्होल्ट’ हे नुसतं नाव आहे

लेड-ॲसिड बॅटरीत 6 सेल असतात. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तो आकडा 13.8 ते 14.4 वर नेतो. सीटीए-2006 या मानकाप्रमाणे ॲम्प्लिफायरची ताकद 14.4 व्होल्टला, 4 ओहमच्या लोडवर मोजतात. स्पीकरला मिळणारी ताकद व्होल्टच्या वर्गाप्रमाणे बदलते. त्यामुळे ज्या ॲम्प्लिफायरमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवण्याची सोय नसते, तो 12.6 व्होल्टवर आपल्या ताकदीच्या जेमतेम तीन चतुर्थांश देतो. 12 वर आला की तीस टक्के गेलेच म्हणून समजा.

2. डेकवरचा ‘50 वॉट × 4’ कुठून येतो ते समजून घ्या

14.4 चा वर्ग करा आणि 4 ओहमने भागा. उत्तर येतं जवळपास 52. म्हणजे गाडीचं सगळं व्होल्टेज सलग स्पीकरवर पडलं, तर जेवढे वॉट होतील तेवढे कंपनीने छापले. स्वच्छ सूर वाजवताना त्याच डेकमधून जास्तीत जास्त 10.2 व्होल्ट आरएमएस मिळू शकतात, म्हणजे 26 वॉट. आतली गळती वजा केली की हातात 20 च्या आसपास उरतात.

यापुढे जायचं तर व्होल्टेज वाढवावंच लागतं. 4 ओहमच्या सबवूफरला 500 वॉट द्यायचे तर जवळपास 45 व्होल्ट लागतात. ॲम्प्लिफायरमधला पॉवर सप्लाय बारा व्होल्टचे हे वाढीव व्होल्ट करतो. त्याची किंमत बॅटरीकडून ओढलेल्या करंटमध्ये मोजावी लागते.

3. आधी करंट काढा, मग वायर घ्या

क्लास डी ॲम्प्लिफायर 80 टक्के कार्यक्षम धरला, तर 500 वॉट देण्यासाठी तो 625 वॉट ओढतो. 13.8 ने भागा, 45 ॲम्पिअर झाले. क्लास एबीची कार्यक्षमता 50 टक्के धरली, तर हाच आकडा 72 वर जातो. गाणं सतत एवढं ओढत नाही, पण ढोलाचा ठोका पडतो त्या क्षणी एवढंच मागतं.

बॅटरीपासून डिकीपर्यंत 5 मीटर वायर धरा. 45 ॲम्पिअरला 8 गेजच्या तांब्याच्या वायरमध्ये जवळपास अर्धा व्होल्ट पडतो, 4 गेजमध्ये 0.2 च्या आतच. स्वस्त किटमधली वायर बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती त्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच करंट वाहू शकते, असं धरून एक माप मोठी घ्या.

4. अर्थिंग ही अर्धी वायरिंग आहे

लाल वायरीवर लोक पैसे खर्च करतात आणि काळी कुठेतरी कसतात. मागे एक गाडी आली होती. बेस पडला की ॲम्प्लिफायर बंद व्हायचा, आणि मालकाला दुसरीकडे नवा घ्यायला सांगितलं होतं. गाणं सुरू ठेवून मीटर लावला. बॅटरीवर 13.8, ॲम्प्लिफायरच्या टोकांवर 11.9. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी ॲम्प्लिफायरच्या मायनसला धरली. तिथेच दीड व्होल्ट दिसला. काळी वायर सीटच्या बोल्टखाली, रंगावरच दाबलेली होती. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीला नीट क्रिंप केलेला लग लावला, बोल्ट कसला आणि सांध्यावर गंज लागू नये म्हणून रंग मारला. ॲम्प्लिफायर तोच राहिला.

काळी वायर लाल वायरीएवढीच जाड हवी आणि शक्य तितकी आखूड. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून येत असेल, तर पहिला संशय अर्थिंगवरच घ्या.

5. फ्यूज वायरीसाठी असतो

मुख्य फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा. वायर इंजिनच्या बाजूने, पत्र्याच्या भोकातून आत येते. तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर कधीतरी ती सोलते. शॉर्ट झालं तर बॅटरी शेकडो ॲम्पिअर ओतते आणि गाडी पेट घेऊ शकते. फ्यूजचं माप वायरीच्या क्षमतेवर ठरवा. उडाला म्हणून मोठा घालू नका.

6. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे

डेकमधून येणारा सिग्नल आणि ॲम्प्लिफायर यांची सांगड घालण्यासाठी गेन असतो. मर्यादेबाहेर वाढवला की लहरींची टोकं कापली जातात, आवाज फाटतो आणि स्पीकरची कॉइल तापून जळते.

मोजायची रीत सोपी आहे. वॉट आणि ओहमचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. 100 वॉट, 4 ओहम म्हणजे 20 व्होल्ट. स्पीकर सोडवा, बेस बूस्ट बंद करा, डेकचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा. सबवूफरसाठी 50 हर्ट्झचा टोन लावून मीटर एसी व्होल्टवर ठेवा. 20 दिसले की गेनवरचा हात काढा.

7. कपॅसिटर हा पहिला उपाय नाही

हेडलाइट लुकलुकायला लागले की कपॅसिटर विकला जातो. 1 फॅरडचा कपॅसिटर 14.4 वरून 13.4 व्होल्टवर येताना फक्त 14 ज्यूल देतो. 500 वॉटला ते सेकंदाचा तेहतिसावा हिस्साही पुरत नाहीत. आधी वायर, अर्थिंग आणि बॅटरी तपासा. तरीही व्होल्टेज बसत असेल, तर अल्टरनेटर कमी पडतो आहे.

8. दुप्पट वॉट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे

वॉट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. तेच पैसे चांगल्या स्पीकरवर, नीट बांधलेल्या बॉक्सवर आणि दाराच्या डॅम्पिंगवर घातले तर फरक लगेच ऐकू येतो.

खरेदीला जाल तेव्हा विचारा: आरएमएस वॉट किती, किती व्होल्टला आणि किती ओहमवर मोजले? उत्तर मिळालं नाही तर तो खोका परत ठेवा. आणि काम झाल्यावर, गाणं चालू असताना ॲम्प्लिफायरच्या टोकांवर मीटर लावून दाखवायला सांगा. चांगला फिटर त्याला कधीच नाही म्हणणार नाही.