पाकशाळेंतील विद्यार्थी

जपानी भाषेंत ‘आरुबाइतो’ असा एक शब्द आहे. तो मूळचा जर्मन. तिकडे त्याचा अर्थ नुसता ‘काम’. जपानांत मात्र विद्यार्थी शिक्षण चालू असतां फावल्या वेळीं जें वेतनाचें काम करितात, त्यास विशेषेंकरून तें नांव पडलें आहे. परदेशी विद्यार्थ्यांसही सरकारी परवानगी काढून, अभ्यासाच्या दिवसांत आठवड्यास २८ तासांपर्यंत असें काम करितां येतें.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी तोक्यो शहरीं शिकत असून सायंकाळीं एका उपाहारगृहाच्या पाकशाळेंत भांडीं घासतो. गेल्या वर्षीं त्याचे वडील आम्हांकडे आले. माजी विद्यार्थ्यांच्या वृत्तांत ‘उच्च शिक्षणार्थ जपानांत’ एवढेंच छापावें, भांड्यांचा उल्लेख नसावा, अशी त्यांनीं विनंती केली. आम्हींही ती तत्काळ मान्य केली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

पुढें त्या मुलाचें सविस्तर पत्र आलें. कित्येक महिने त्यास मोरीपलीकडे जाऊं दिलें नव्हतें. लाखेचे वाडगे खरखरीत घासणीनें घासावयाचे नाहींत, पाण्यांत भिजतही ठेवावयाचे नाहींत. मग तांदूळ धुण्याचें काम मिळालें. पहिलें पाणी झटकन ओतून द्यावें, नाहीं तर कोंड्याचा वास दाण्यांत शिरतो. सारासाठीं कोंबू नांवाचें समुद्रशेवाळ पाण्यांत तापवितात, पण उकळी फुटण्यापूर्वीं काढून घेतात; त्या क्षणाकडे पाहत उभें राहणें हाही त्याचा अभ्यास झाला.

यावरून आम्हांस दोगेन या जपानी बौद्ध भिक्षूची आठवण झाली. १२२३ सालीं तो ज्ञानार्थ चीन देशीं गेला. तो जहाजावरच असतां एका मठाचा वृद्ध आचारी जिन्नस विकत घेण्यास तेथें आला. या वयांत ध्यान व ग्रंथ सोडून हा खटाटोप कशास, असें दोगेननें विचारिलें. म्हातारा हंसला. साधना कशास म्हणतात हें या परदेशी तरुणास अद्याप कळलें नाहीं, असें तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसाचा स्वयंपाक असल्यामुळें मुक्काम न करितां परत गेला. पुढें १२३७ सालीं याच दोगेननें मठांतील आचाऱ्यांसाठीं एक ग्रंथ लिहिला. तांदूळ कसे निवडावे येथपर्यंत त्यांत सांगितलें आहे. आम्ही ख्रिस्ती असून भिक्षूची साक्ष काढितों याचें कोणास नवल वाटेल; परंतु पौल तंबू करीत असे हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस वाटूं नये.

सर्वच पाकशाळा अशा नसतात. या मुलासही पूर्वीं एका ठिकाणीं शिव्या खाव्या लागल्या होत्या, आणि थंडींत त्याचे हात अजून फुटतात. पण भात त्यानें धुतलेल्या तांदुळाचा झाला त्या पहिल्या रात्रीं मोरीवरही तोच होता. वाडगे परत येऊं लागले तसा तो एकेक निरखीत गेला. एकाही वाडग्यांत शीत उरलें नव्हतें. इतका आनंद परीक्षेच्या निकालानेंही झाला नव्हता, असें तो लिहितो.

तें पत्र आम्हीं वडिलांस वाचून दाखविलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग फुटलेल्या हातांस काय लावावें, असें त्यांनीं विचारिलें. यंदाच्या वृत्तांत काय छापावें, हें मात्र त्यांनीं अद्याप सांगितलें नाहीं.