इंग्रजी ‘प्लॅन’ या क्रियापदाचा अर्थ व उगम

ग्वाल्हेरच्या किला गेट भागातील मराठी वाचकास सरकारी कागद हिंदीतून वाचावा लागतो. 1950 साली स्थापन झालेल्या ज्या आयोगाची जागा 2015 मध्ये नीती आयोगाने घेतली, त्यास हिंदीत ‘योजना आयोग’ व मराठीत ‘नियोजन आयोग’ म्हणत. मूळ इंग्रजी शब्द मात्र एकच.

‘प्लॅन’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून सतराव्या शतकात आला. त्याच्या मुळाशी ‘सपाट’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. सपाट कागदावर काढलेला इमारतीचा नकाशा, हा त्याचा पहिला अर्थ. क्रियापद अठराव्या शतकातले. आधी नकाशा काढणे, मग मनात बेत करणे. आपले ‘आखणे’ याच वाटेने गेले आहे. वही आखतात, तसाच बेतही आखतात.

‘योजणे’ याची जात वेगळी. संस्कृत ‘युज्’ म्हणजे जोडणे, जुंपणे. बैलाच्या मानेवरचे ‘जू’ व इंग्रजी ‘योक’ ही त्याच कुळातली. तेव्हा ‘प्लॅन’मध्ये रेघ आहे, ‘योजने’त जुंपणी आहे. 1966 च्या ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमा’च्या नावात ‘प्लॅनिंग’ या एकाच इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘नियोजन’ व ‘रचना’ असे दोन शब्द आले आहेत. भाषांतरकाराने हे योग्यच केले, असे आम्हांस वाटते.

गोंधळ होतो तो पुढे. 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीनुसार पंचायतींकडे दोन कामे सोपविता येतात: ‘प्लॅन’ तयार करणे आणि ‘स्कीम’ राबविणे. हिंदी पाठात पहिल्यास ‘योजना’ व दुसऱ्यास ‘स्कीम’ म्हटले आहे. महाराष्ट्रात मात्र ‘प्लॅन’ म्हणजे ‘आराखडा’ आणि ‘योजना’ म्हणजे ‘स्कीम’, जशी रोजगार हमी योजना. योजना बहुधा वरून येते. आराखडा गावाने स्वतः करावयाचा असतो. हिंदी ‘योजना’ मराठीत तशीच उतरविली, तर गाव आपले काम सोडून निधीची वाट पाहत बसते.

शिक्षकांनी आणखी एक भेद दाखवावा. ‘वी प्लॅन टु डिग अ वेल’ या वाक्यात केवळ इरादा आहे: ‘विहीर खणण्याचा आमचा बेत आहे.’ पत्रात त्याचे ‘विहिरीची योजना आहे’ असे भाषांतर झाले, तर वाचणारा विहीर मंजूर झाली असे समजेल.