खेळून पोट भरतं का?

तलासरीकडच्या एका पाड्यावर रात्रीचा वर्ग सुटला होता. सगळी मंडळी घरी गेली. एक गृहस्थ मात्र वही काखेत धरून दाराशी उभे राहिले.

"गुरुजी, एक विचारू का?"

"विचारा की, भाऊ."

"पोरगा दहावीला आहे. कबड्डी चांगली खेळतो. आता म्हणतो, शाळा पुरे झाली, मी खेळच खेळणार. टीव्हीत खेळणाऱ्यांना कोटी-कोटी रुपये मिळतात म्हणे. हे खरं का? खेळून पोट भरतं का?"

मला त्या रात्री नीट उत्तर देता आले नाही. खरे आहे म्हणावे, तर पोरगा शाळा सोडेल. खोटे आहे म्हणावे, तर ते खोटे नाही. मग मी माहिती जमवली. हा प्रश्न एकाच घरातला नाही, म्हणून ती इथे लिहितो.

लहानपणी आपण हुतूतू खेळलो. तीच ही कबड्डी. मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. एका बाजूला सात गडी. चढाई करणाऱ्याला ३० सेकंद मिळतात. १९३६ साली जर्मनी देशात बर्लिन शहरी मोठे ऑलिंपिक सामने झाले. तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या गड्यांनी तिथे आपले देशी खेळ करून दाखवले. त्यांत हुतूतू होता. खेळाचे नाव तेव्हापासून दूरवर गेले. पैसा मात्र पुष्कळ वर्षे आला नाही. जिंकले तर ढाल मिळे, कधी एखादा सदरा मिळे. नशीब चांगले असले तर रेल्वेत, पोलिसात किंवा बँकेत नोकरी लागे. मग त्या खात्याच्या संघातून खेळायचे आणि पगार घ्यायचा.

२०१४ साली हे बदलले. त्या वर्षी २६ जुलैला प्रो कबड्डी नावाची स्पर्धा सुरू झाली. (पुढे सहाच दिवसांनी, १ ऑगस्टला, ठाण्यातून निघून आपला पालघर जिल्हा झाला. साल लक्षात ठेवायला सोपे जाईल.) या स्पर्धेत संघांचे मालक असतात, आणि ते गड्यांची बोली लावतात. बंदरावर मासळीचा लिलाव होतो तो आपण पाहिला आहे. तसाच हा. पण इथे बोली माणसाच्या एका मोसमाच्या खेळावर लागते. मोसम संपला की पुढच्या वेळी मालक त्याला ठेवून घेतो, नाहीतर सोडून देतो. सोडले तर पुन्हा लिलाव.

पहिल्या वर्षी सर्वांत मोठी बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०१८ साली ती दीड कोटीच्या वर गेली. म्हणजे आपल्या भावाने ऐकले ते खरे आहे. पण पुढचेही ऐका.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई हा चढाई करणारा गडी. २०१८ साली यू मुंबा संघाने त्याला ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले. त्या मोसमात त्याने चढायांत २०० च्या वर गुण मिळवले. नव्या गड्याने एवढे करावे, म्हणून लोक थक्क झाले. २०१९ साली तेलुगू टायटन्स संघाने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख रुपयांची बोली लावली. त्याचा मोठा भाऊ सूरजही त्याच संघात खेळला. एका घरचे दोन भाऊ एका संघात, हे बघायलाही बरे वाटले.

मग खांदा दुखावला. पुढचा मोसम सुरू होऊन थोडेच सामने झाले, आणि त्याला बाहेर बसावे लागले. २०२२ च्या लिलावात त्याच गड्याची बोली २० लाखांवर आली. माणूस तोच, चढाई तीच, अक्कल तीच. फक्त खांद्याचा भरवसा राहिला नव्हता. २०२३ साली तो सावरला, तेव्हा हरयाणाच्या संघाने पुन्हा १ कोटी दिले. या आकड्यांकडे बघत राहावे. चिकूचा भावसुद्धा असा वरखाली होत नसेल.

दिल्लीकडच्या पवन सेहरावतची गोष्ट तर याहून कठीण. २०२२ साली त्याला तमिळ थलायवाज संघाने २ कोटी २६ लाखांना घेतले. तोवर एवढी बोली कोणाला मिळाली नव्हती. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली, आणि सगळा मोसम गेला. तो पुढे बरा झाला, आशियाई सामन्यांत भारताचा कप्तान झाला, सोन्याचे पदक घेऊन आला. पण गुडघा बरा होतोच असे नाही. बरे न झालेल्यांची नावे आपल्याला टीव्ही सांगत नाही.

आता थोडे गणित करू. वही काढा.

२०२३ साली स्पर्धेत १२ संघ होते. एका संघात कमीत कमी १८ आणि जास्तीत जास्त २५ गडी. १२ गुणिले १८ म्हणजे २१६. १२ गुणिले २५ म्हणजे ३००. तर सबंध देशातून, आणि इराणसारख्या बाहेरच्या देशांतूनही येऊन, जागा फार तर ३००. त्यांत कोटीच्या वर जाणारे मोजके. सर्वांत खालच्या वर्गाची बोली त्या साली ९ लाखांपासून सुरू होत होती. ९ लाख थोडे नाहीत, हे मी मानतो. पण ते एका मोसमाचे आहेत. त्यातून आयकर जातो. पुढच्या साली बोली लागली नाही, तर हातात शून्य.

मुलींचे तर आणखी अवघड. २०१६ साली बायांसाठी तीन संघांची लहानशी स्पर्धा घेऊन पाहिली होती. ती पुढे चालली नाही. भारताच्या मुलींनी आशियाई सामन्यांत सोने जिंकले, तरी त्यांचे पोट मुख्यतः रेल्वेसारख्या नोकरीवरच चालते. हे मला बरे वाटत नाही, पण आहे ते असे आहे.

खेळावर पोट भरणारे जगात इतर ठिकाणीही आहेत. ऑस्ट्रेलिया देशात त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. चेंडू अंड्यासारखा, मैदानही लांबट गोल, एका बाजूला १८ गडी. चेंडू पायाने मारतात, हातानेही ठोसतात, आणि कबड्डीसारखे अंगाला अंग भिडते. तिथे हा धंदा आपल्याहून पुष्कळ जुना आहे. दर साली क्लब तरुण पोरे निवडून घेतात. पण पाच-सहा वर्षांत बहुतेकांचा खेळ संपतो. तिशी गाठायच्या आत माणूस घरी. म्हणून तिथे गड्यांची स्वतःची संघटना आहे, आणि खेळत असतानाच पुढचे शिक्षण घ्यायला ती मदत करते.

तिथल्या मूळ रहिवाशांत, म्हणजे तिथल्या आदिवासींतच म्हणा, अ‍ॅडम गुड्स नावाचा गडी झाला. १९९९ पासून २०१५ पर्यंत तो सिडनीच्या संघातून ३७२ सामने खेळला. सर्वांत चांगल्या गड्याचे पदक दोनदा मिळवले. तो आपल्या लोकांच्या अपमानाविरुद्ध बोलला, म्हणून शेवटच्या वर्षांत प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. त्या स्पर्धेच्या चालकांनी २०१९ साली त्याची माफी मागितली. तोवर तो खेळ सोडून बसला होता. खेळत असतानाच, २००९ साली, त्याने एका नातलगाबरोबर संस्था काढली होती. आपल्या समाजाच्या मुलांना शिकायला ती पैसे देते. एवढा मोठा गडी, पण मुलांना त्याने चेंडू दिला नाही, शाळा दिली.

आता आपल्या पोराकडे वळू. त्याने खेळू नये का? खेळावे. पण वर जायची वाट शाळेतूनच जाते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. शाळांचे सामने १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या मुलामुलींचे होतात: तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. आश्रमशाळांचे सामने वेगळे असतात, ते प्रकल्पापासून राज्यापर्यंत जातात. आपल्याकडे हा प्रकल्प डहाणूचा. शाळा सोडली की ही शिडीच गेली. मग राहतात ते रात्रीचे, दिवे लावून भरवलेले सामने. त्यांत मजा आहे, बक्षीसही आहे, पण त्यांची चिठ्ठी पुढे कुठे चालत नाही.

आणखी एक. आपली पोरे मातीवर खेळतात. मोठे सामने मॅटवर होतात, पायात बूट घालून. मातीवर पाय घसरतो तसा मॅटवर घसरत नाही. तिथे पाय एकदम अडतो, आणि गुडघ्यावर ताण येतो. मातीतला वाघ मॅटवर पहिल्या दिवशी लंगडताना मी पाहिला आहे. म्हणून मॅटची सवय आधी करावी.

नोकरीचेही सांगतो. महाराष्ट्र सरकारच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी शेकडा ५ जागा राखून ठेवलेल्या असतात. कोणत्या जागेला कोणत्या स्पर्धेतला कितवा नंबर लागतो, हे ठरलेले आहे. प्रमाणपत्र खरे की खोटे, हे सरकार तपासून घेते. शिवाय त्या जागेला लागणारे शिक्षण पाहिजेच. दहावी-बारावी नसेल तर नुसते पदक घेऊन काय करणार? तेव्हा जन्माचा दाखला, जातीचा दाखला, शाळेचा दाखला आणि सामन्यांची प्रमाणपत्रे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावी. आपल्या कुडाच्या घरांना पावसाळ्यात ओल येते. कागद भिजला की धावाधाव होते.

हे सगळे मी त्या गृहस्थांना पुढच्या आठवड्यात सांगितले. ते गप्प ऐकत होते. मग त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. पोराला कुठल्याशा शिबिराला जायचे होते, त्याचा तो फॉर्म. पोरगा अठराच्या आतला, म्हणून बापाची सही हवी होती. पोराने सांगितले होते, "बाबा, इथे फक्त सही करा."

त्यांनी कंदिलाजवळ बसून तो फॉर्म बोट ठेवून वाचायला घेतला. एक ओळ, दुसरी ओळ. पाचव्या ओळीवर बोट थांबले.

"दु-खा-पत... झा-ल्यास..." त्यांनी ओळ पुरी केली. मग माझ्याकडे बघितले. "गुरुजी, दुखापत झाल्यास आमची जबाबदारी नाही, असं लिहिलंय. म्हणजे हातपाय मोडला तर दवाखान्याचा खर्च माझा?"

"तसंच दिसतं."

त्यांनी पेनाचे टोपण पुन्हा लावले आणि कागदाची घडी घातली.

"मग उद्या जाऊन विचारून येतो," ते म्हणाले. "पोरगा तर जाणारच. पण सही मागाहून."