जिथे वायर, तिथे रिसिव्हर

कॉलर माईक कोणता घ्यावा यावर नवशिक्या शूटिंगवाल्यांची चर्चा तासन्‌तास चालते. त्याचा रिसिव्हर कॅमेऱ्यावर नेमका कुठे आणि कशाने बसवायचा, हे मात्र कुणी विचारत नाही. तो प्रश्न कार्यक्रम सुरू व्हायच्या जरा आधी, हाताला लागेल त्या रबरबँडने सोडवला जातो. मी लग्नं, कीर्तनं आणि माहितीपटांच्या आवाजाचं काम करतो. ‘बघा काही करता येतंय का’ म्हणून माझ्याकडे जो आवाज येतो, त्यात माईकचा दोष क्वचितच असतो. घोळ बहुतेक वेळा त्या रबरबँडपाशी झालेला असतो.

एका लग्नात गुरुजींना कॉलर माईक लावला होता. कॅमेरा ट्रायपॉडवर, रिसिव्हर बेल्टच्या क्लिपने ट्रायपॉडच्या हँडलला अडकवलेला आणि तिथून वायर कॅमेऱ्याच्या माईक सॉकेटमध्ये. मंगलाष्टकं संपेपर्यंत आवाज सुरेख येत होता. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या आणि हार घालतानाचा क्लोजअप हवा म्हणून कॅमेरामनने क्विक रिलीजचा खटका दाबून कॅमेरा उचलला. त्याच्या लेखी कॅमेरा सुटा झाला होता, पण वायरने तो ट्रायपॉडला बांधलेलाच होता. पिन तिरकी ओढली गेली आणि सॉकेट आतल्या बोर्डावरून उखडला. सप्तपदीचा आवाज मिळाला तो कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकवरून, म्हणजे मुख्यतः बाहेरच्या बँडचा.

तेव्हापासून मी कुणाच्याही सेटअपकडे आधी याच नजरेने बघतो: रिसिव्हरची वायर ज्या वस्तूत जाते, त्याच वस्तूवर रिसिव्हर बसला आहे का? वायर कॅमेऱ्यात जात असेल तर रिसिव्हर कॅमेऱ्यावर किंवा त्याच्या केजवर. ट्रायपॉडच्या पायाला टांगलेल्या मिक्सरमध्ये किंवा रेकॉर्डरमध्ये जात असेल तर खुशाल ट्रायपॉडवर. यात अपवाद एकच मानतो. व्याख्यान किंवा कीर्तनासारख्या कार्यक्रमात कॅमेरा शेवटपर्यंत जागचा हलणार नसेल, तर रिसिव्हर ट्रायपॉडला लावायला हरकत नाही. तेव्हाही हँडलला नको. टेली लेन्सवर असताना हँडलला लोंबणारं वजन प्रत्येक पॅनमध्ये जाणवतं. पायाला क्लॅम्प लावून घ्यावा, आणि कॅमेरा दोन्ही टोकांना फिरवून वायर कुठे ताणली जात नाही ना हे बघावं. राहता राहिला प्रश्न पाहुण्यांचा. ट्रायपॉडचा पाय ही वस्तू मांडवात कुणालाच दिसत नाही, लहान मुलांना तर अजिबातच नाही. म्हणून क्लॅम्प गुडघ्याच्या उंचीवर लावू नये.

आता कॅमेऱ्यावर कुठे? पहिली जागा अर्थातच वरचा शू. हल्लीच्या छोट्या चौकोनी रिसिव्हरांची क्लिपच शूमध्ये सरकेल अशी असते. अडचण एवढीच, की अशा क्लिपला बहुधा लॉक नसतं. कॅमेरा वर-खाली झुकवला की ती हळूहळू मागे सरकते आणि एखाद्या बेसावध क्षणी रिसिव्हर वायरवर लोंबू लागतो. क्लिपच्या मागे गॅफर टेपचा बोटभर तुकडा लावला की भागतं. जुन्या धाटणीच्या, दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या पट्ट्याच्या रिसिव्हरला मात्र स्क्रूने आवळता येणारा शू-अडॅप्टरच हवा. तोही बुटका. उंच आर्मवर रिसिव्हर, त्याच्या डोक्यावर लाइट, शेजारी मॉनिटर असा मनोरा शूवर रचणारे लोक मी पाहिले आहेत. शू कॅमेऱ्याच्या माथ्याला बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो. वजन जितकं उंच, तितका त्या स्क्रूंवर ताण जास्त. एकाहून जास्त वस्तू लावायच्या असतील तर केज घ्यावा. त्याला पाव इंची आटे आणि जादा कोल्ड शू असतात, आणि सगळा भार कॅमेऱ्याच्या बुडाशी जातो.

काही कॅमेऱ्यांत वायरची भानगडच नसते. सोनीने २०१२ पासून आपल्या कॅमेऱ्यांना मल्टी इंटरफेस शू दिला आहे. योग्य अडॅप्टर असला की त्यांच्या वायरलेस संचाचा आवाज थेट त्या शूमधून आत जातो. तसा जोड असेल तर वरची जागा रिसिव्हरसाठीच राखावी आणि लाइट दुसरीकडे न्यावा.

केजच्या बाजूला रिसिव्हर चिकटवायचा झाला तर वेल्क्रोपेक्षा थ्रीएमचं ड्युअल लॉक बरं. त्याच्या दोन्ही पट्ट्यांवर बारीक गोल डोक्याच्या काड्या असतात, त्या एकमेकींत खटकन अडकतात आणि वेल्क्रोसारख्या डुलत नाहीत. पण पट्टी कितीही पक्की असली तरी तिच्यामागचा गोंद मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात मऊ पडतोच. चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्यावेत, वरून एक पट्टा आवळावा. आणि चिकटवण्याआधी सेलचं झाकण कुठे उघडतं ते बघावं! झाकणावरच पट्टी लावून, कीर्तनाच्या पूर्वरंगानंतर सेल बदलायला अख्खा रिसिव्हर उपटून काढणारे सज्जन मला भेटलेले आहेत. रिसिव्हरचा छोटा पडदाही कॅमेरामनच्या बाजूला हवा. सिग्नलची पट्टी दिसत नसेल तर ती असून उपयोग काय?

वायर आखूड आणि एल आकाराच्या पिनची घ्यावी. सरळ पिन बाहेर आलेली असते, कोपर लागलं की तीच तरफ बनते. बाजूला उघडणाऱ्या स्क्रीनच्या कॅमेऱ्यांत माईकचा सॉकेट नेमका स्क्रीनच्या बिजागरीपाशी असतो. तिथे एल पिन कुठल्या दिशेने वळते हे दुकानातच लावून बघावं. वायरचा एक छोटा वळसा केजला बांधून टाकावा, म्हणजे हिसका बसला तर तो वळशाला बसेल, सॉकेटला नाही.

आतापर्यंत सांगितलं ते डोळ्यांना दिसतं. अँटेनाचं मात्र दिसत नाही, आणि जास्त नुकसान तिथेच होतं. यूएचएफ पट्ट्यात, समजा ६०० मेगाहर्ट्‌झवर, लहरीची लांबी ५० सेंटीमीटर असते आणि अँटेना तिच्या चौथाईएवढी, म्हणजे साधारण १२ सेंटीमीटर. एवढी काडी मोकळी उभी हवी. ती केजच्या ॲल्युमिनियमला टेकली, ट्रायपॉडच्या पायाला समांतर चिकटली किंवा ‘मध्ये येते’ म्हणून वाकवून टेपखाली दाबली, की पल्ला निम्म्यावर आलाच समजा. कार्बन फायबरचा ट्रायपॉडही इथे सुरक्षित नाही, तोही वीज वाहून नेतो. सेनहायझरच्या ईके १०० जी३ सारख्या रिसिव्हरमध्ये तर बाहेर जाणाऱ्या वायरचं कवच हीच दुसरी अँटेना असते. ती वायर नीटनेटकी दिसावी म्हणून रिसिव्हरभोवती गुंडाळून ठेवली, की त्या अँटेनाचा फायदा गेलाच.

२.४ गिगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या छोट्या डब्यांची अँटेना आत दडलेली असते, म्हणून लोक तिला विसरतात. या लहरी माणसाच्या अंगातल्या पाण्यात शोषल्या जातात. कीर्तनकार बुवांच्या कमरेला मागे ट्रान्समिटर खोचला असेल, तर ते आपल्याकडे तोंड करून बोलत असताना त्यांचं शरीरच मध्ये उभं असतं. टाळकऱ्यांकडे वळले की आवाज स्वच्छ, श्रोत्यांकडे वळले की तुटक. अशा वेळी ट्रान्समिटर पुढे किंवा कुशीला आणावा, आणि रिसिव्हर बसलेल्या श्रोत्यांच्या डोक्यांवरून थेट दिसेल इतका उंच न्यावा. उभ्या गर्दीत त्याहून वर.

रिसिव्हरचे शेजारीही निवडावे लागतात. बिनतारी व्हिडिओ ट्रान्समिटर त्याच केजवर असेल तर तो दुसऱ्या टोकाला. कॅमेऱ्याला लावलेली एसएसडी हा हल्लीचा छुपा शत्रू. यूएसबी ३.० च्या वायरी आणि जोड २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलं आहे. मी एसएसडी आणि रिसिव्हर कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूंना ठेवतो. मॉनिटरची स्वस्त, कवच नसलेली एचडीएमआय वायर असाच त्रास देते. कॅमेरामनचा मोबाईल केजवर नको, हेही सांगावं लागतं. आणि कुणी जुना, ७०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालणारा संच स्वस्तात देत असेल तर घेऊ नये. भारतात २०२२ च्या लिलावात तो पट्टा मोबाईल सेवेसाठी विकला गेला आहे. टॉवरजवळ असा संच कधी दगा देईल त्याचा नेम नाही.

सगळं बसवून झालं की एकाला ट्रान्समिटर घालून मांडवाच्या शेवटच्या टोकाला पाठवावं, कॅमेऱ्याकडे पाठ करून चालायला आणि सतत बोलायला सांगावं. ऐकणाऱ्याने हेडफोन कॅमेऱ्याच्या सॉकेटला लावावा, रिसिव्हरच्या नव्हे. नाहीतर मधली वायर तपासलीच जात नाही. हे सगळं एसएसडी, मॉनिटर, लाइट चालू ठेवून करावं. मांडव रिकामा असताना पल्ला चांगलाच मिळतो, म्हणून माणसं भरल्यावर तीच फेरी पुन्हा मारावी. त्या वेळी यजमान विचारतातच, हा माणूस एकटाच बडबडत का फिरतोय.