रकान्यात काय लिहावे?

‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न पुष्कळदा माणूस विचारीत नाही, कागद विचारतो. शाळेचा अर्ज, जातीचा दाखला, जनगणनेचा तक्ता.

माझे वडील अंबरनाथला कारखान्यात कामाला होते. 1956 साली त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली. पुढे माझे नाव शाळेत घालताना त्यांनी धर्म ‘बौद्ध’ सांगितला. कारकुनाने ‘हिंदू महार’ लिहिले आणि वर म्हणाला, “धर्म बदलला म्हणून रक्त बदलते काय?” वडील त्या दिवशी गप्प राहिले.

रक्ताचे उत्तर बाबासाहेबांनी आधीच दिले होते. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, हे त्यांनी 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये सांगितले. 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांच्या मोजमापांचे आकडे घेऊन अस्पृश्य हा निराळा वंश नव्हे, असे दाखविले. नाके मोजण्याची ती विद्या आज शास्त्र मानीत नाही. पण वंशाच्या नावाने बोलणाऱ्यांना त्यांच्याच मापाने त्यांनी उत्तर दिले.

उल्हासनगरला आमच्या शेजारी सिंधी कुटुंब होते, फाळणीनंतर छावणीत आलेले. ते आपली ओळख मागे राहिलेल्या गावावरून सांगत. आमच्या मागे राहिला होता गावकुसाबाहेरचा महारवाडा. तो कशाला सांगायचा? आम्ही काय स्वीकारले, तेच आम्ही सांगत होतो.

1951 साली देशभर बौद्ध दोन लाखांहून कमी होते. 1961 साली एकट्या महाराष्ट्रात सुमारे 28 लाख. याची किंमतही होती. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना 1990 साली मिळाल्या. तोवर पोराच्या नोकरीसाठी कित्येक घरांनी कागदावर ‘हिंदू’ लिहिले. त्यांना मी दोष देत नाही.

आज तसे लिहिण्याचे कारण उरलेले नाही. धर्म ‘बौद्ध’ लिहावा. जातीच्या रकान्यात मात्र पूर्वाश्रमीची जात लिहावी, कारण बौद्ध हे जातीचे नाव नव्हे आणि तिथे ते लिहिले तर अनुसूचित जातींच्या मोजणीतून आपण गळतो. पुष्कळ बंधूंना हे पटत नाही. तो शब्द लिहिताना माझाही हात जड होतो. पण मी तो ओळख म्हणून लिहीत नाही; झालेल्या अन्यायाची नोंद म्हणून लिहितो.

निवृत्त झाल्यावर वडील नातवाचे नाव घालायला बदलापूरच्या शाळेत गेले. अर्ज स्वतः भरला. धर्मापुढे ठळक अक्षरांत ‘बौद्ध’ लिहिले, आणि कारकुनाने ते रजिस्टरात उतरवून घेईपर्यंत टेबलापासून हलले नाहीत.