कपाट उघडताच दिवा!

कपाटाचे दार उघडताच आत आपोआप दिवा लागला तर? करून पाहा.

साहित्य : ९ व्होल्टची बॅटरी, पांढरा एल.ई.डी., बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ४७० ओहम व ४७ किलोओहमचे रोध, रीड स्विच, लोहचुंबक.

जोडणी : बॅटरीचे धन टोक, ४७० ओहमचा रोध, एल.ई.डी. (लांब पाय धन बाजूस) व कलेक्टर ओळीने जोडा. एमिटर ऋण टोकाला जोडा. ४७ किलोओहमचा रोध धन टोक व बेस यांमध्ये, तर रीड स्विच बेस व एमिटर यांमध्ये जोडा. स्विच चौकटीवर आणि चुंबक दारावर समोरासमोर बसवा.

असे का होते? दार बंद असता चुंबकामुळे स्विचमधील पट्ट्या एकमेकींना चिकटतात. बेसकडे येणारा प्रवाह त्या वाटेने परस्पर निघून जातो; दिवा लागत नाही. दार उघडले की ती वाट तुटते. प्रवाह बेसमध्ये शिरतो आणि ट्रान्झिस्टर एल.ई.डी.मधून सुमारे १२ मिलिअँपिअर प्रवाह वाहू देतो.

मात्र दिवा विझलेला असतानाही ४७ किलोओहमच्या रोधातून ०.१९ मिलिअँपिअर प्रवाह वाहतच असतो! त्याजागी १० किलोओहमचा रोध जोडला तर किती वाहील? ओहमच्या नियमाने काढा. म्हणजे आपण मोठा रोध का निवडला, ते तुम्हीच सांगाल.